सीमेवरचे जबाब: चि. ताईस पत्र

गंगापूर रोड, नाशिक

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

आदल्या रात्री क्रोएशियाच्या हद्दीतून मारझोड करून बोस्नियात परत ढकललेली माणसं बिहाचला तुझ्यासमोर बसतील आणि तू त्यांचे जबाब लिहून घेशील. ते कसे घ्यायचे, याबद्दल आम्हा दोघांना जे ठाऊक आहे ते इथे लिहितो. कायद्याचा भाग बाबांचा, जखमांचा आईचा.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. अशा प्रकरणात सरकार बहुधा "आम्ही मारलं नाही" यावर भांडत बसत नाही, "हा माणूस आमच्या हद्दीत आलाच नव्हता" असं म्हणतं. नोंद नाही, अर्ज नाही, कागद नाही. 7 जानेवारी 2025 रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ग्रीसविरुद्धच्या दोन अर्जांचे निकाल एकाच दिवशी दिले. ग्रीस-तुर्की सीमेवरच्या एव्रोस नदीपलीकडे ढकललेल्या एका तुर्की बाईचा अर्ज मान्य झाला, कारण तिने ग्रीसमधून पाठवलेलं लोकेशन, फोटो आणि व्हिडिओ शिल्लक होते. सामोस बेटावरून परत ढकलल्याचं सांगणाऱ्या अफगाण मुलाचा अर्ज मात्र टिकला नाही. ग्रीसमध्ये अशी पद्धतच पडली आहे हे न्यायालयाने मानलं, पण तो मुलगा स्वतः तिथे होता हे कागदावर दिसलं नाही. म्हणून तुझ्या जबाबाचा पहिला अर्धा भाग फक्त एवढ्यासाठीच: तो तिथे होता का, हे काय काय सांगतं?

शब्दांपाशी सांभाळ. सीमा ओलांडायच्या प्रयत्नाला ती मंडळी "गेम" म्हणतात आणि परत ढकललं की "डिपोर्ट केलं" म्हणतात. तू "डिपोर्ट" लिहिलंस तर वाचणाऱ्या वकिलाला वाटेल की हुकूम निघाला, दुभाषा दिला, सही घेतली. त्यामुळे "डिपोर्ट" ऐकलंस की लगेच विचार: कागद दाखवला का, कुठल्या भाषेत, सही घेतली का, ठाण्यात नेलं की थेट नदीवर? त्याचा शब्द अवतरणात ठेव, प्रसंग खाली सविस्तर लिही.

सुरुवातीला त्याला सलग बोलू दे. "दांडक्याने मारलं का?" असं विचारलंस की उत्तर तूच दिल्यासारखं होतं. "मग काय झालं?" पुरे. सगळं सांगून झाल्यावर मागे ये आणि एकेक टप्पा उघड: गाडी कुठल्या रंगाची, खिडक्या होत्या का, किती जण कोंबले, डांबरी रस्ता कधी संपून खडी लागली, उतरवल्यावर पाण्याचा आवाज कुठल्या हाताला होता. गणवेशाचा रंग, खांद्यावरची पट्टी, तोंडावरचे बुरखे, कुत्रा, आपसात कुठली भाषा. पाण्याची खोली मीटरमध्ये मागू नकोस. आपल्याकडे गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आला यावरून सांगतात, तसं तो "कमरेपर्यंत", "पोराला खांद्यावर घेतलं तेव्हा छातीपर्यंत" असं सांगेल. तेच शब्द लिही, आकडा स्वतः बनवू नकोस.

तारखांचा घोळ हमखास होतो. अफगाण माणूस सौर महिने सांगतो आणि त्यांची नावं राशींचीच असतात: मीझान म्हणजे तूळ, अकरब म्हणजे वृश्चिक, जदी म्हणजे मकर. पण त्यांची मकर 22 डिसेंबरच्या सुमारास लागते, आपल्या संक्रांतीला नव्हे. इथे तीन आठवड्यांची चूक झाली तर सरकारी वकील सगळा जबाब खोटा ठरवायला बघेल. ग्रीस-तुर्की सीमेचा जबाब आला तर घड्याळही तपास, हिवाळ्यात तुर्की एक तास पुढे असतं. क्रोएशिया आणि बोस्नियात तो प्रश्न नाही.

आश्रय मागितला का, हा प्रश्न कधीही सोडू नकोस. कोणाकडे, कुठल्या शब्दांत, उत्तर काय मिळालं? 1951 च्या निर्वासित कराराचं 33 वं कलम जिवाला धोका असलेल्या ठिकाणी परत पाठवायला मनाई करतं. युरोपीय मानवी हक्क करारनाम्याच्या चौथ्या प्रोटोकॉलचं (जोडकराराचं) चौथं कलम सरसकट हकालपट्टीला मनाई करतं. तरी फेब्रुवारी 2020 मध्ये मोरोक्कोला लागून असलेल्या स्पेनच्या मेलिया शहराच्या कुंपणाच्या प्रकरणात अर्जदार हरले, कारण कायदेशीर मार्ग असताना ते जमावाने कुंपण चढून आले, असं न्यायालयाने धरलं. म्हणून अधिकृत नाक्यावर जाता येत होतं का, गेला असता तर काय झालं असतं, आधी कोणी गेलं होतं का, हेही नोंदव.

पोलिसांनी फोन फोडला असेल तर त्याचे तुकडे फेकू देऊ नकोस. फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती गळते, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग. गूगलची टाइमलाइन आता फोनमध्येच साठते. बॅकअप नसेल तर फोनबरोबर तीही गेली. गेमला निघण्याआधी घरच्या कोणाला लोकेशन पाठवलं होतं का, ते विचार. त्या नातेवाइकाच्या फोनमध्ये ते अजून असेल. 2017 मध्ये सर्बियाकडे परत ढकललेल्या कुटुंबातली सहा वर्षांची मुलगी रेल्वेखाली गेली. 2021 च्या निकालात, कुटुंबाच्या फोनचे सिग्नल आणि पोलिस गाडीचा जीपीएस तपासलाच नाही, यावरून क्रोएशियाला दोषी धरलं गेलं. म्हणजे या गोष्टी तपासायला लागतात, हे न्यायालयाने सांगून ठेवलं आहे.

आता जखमा. प्रत्येकीचे तीन फोटो: पूर्ण शरीरातली जागा, तो अवयव, मग मोजपट्टी ठेवून जवळून. पट्टी जखमेच्याच पातळीवर, कॅमेरा काटकोनात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काढ, कारण खोल मुका मार उशिरा वर येतो. दांडक्याच्या माराने रुळांसारख्या दोन समांतर लाल रेघा उठतात आणि मधला पट्टा फिका राहतो. पडल्याने तसं होत नाही. हाताच्या बाहेरच्या बाजूचे वळ बहुधा मार अडवताना पडलेले असतात. वळाच्या रंगावरून दिवस मोजू नकोस. पिवळेपणा साधारण 18 तासांआधी दिसत नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं, आणि सावळ्या कातडीवर तोही दिसेलच असं नाही. इस्तंबूल प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे छळाच्या खुणा नोंदवायच्या संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शिकेत, जखम हकिकतीशी किती जुळते याच्या पाच पायऱ्या आहेत. त्या डॉक्टरने लिहायच्या, तू फक्त लांबी, रंग, जागा.

पण फोटोच्या आधी माणूस. कुत्रा चावला असेल तर साबणपाण्याने पंधरा मिनिटं धुवायला लाव आणि दवाखान्यात पाठव, रेबीज आणि धनुर्वाताची लस लागेल. निफाडची थंडी कोरडी असते, ती तू जाणतेस; उना नदीतून ओल्या कपड्यांनी निघालेल्या माणसाची थंडी वेगळी असते. थरथर थांबली आणि बोलणं अडखळलं तर तो बरा होतोय असं समजू नकोस. शरीर हरायला लागलेलं असतं. ओले कपडे काढ, कोरडं पांघर, पाय चोळू नकोस, शेकोटीशी धरू नकोस. कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेव, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

स्ट्रासबर्गला जायची मुदत 1 फेब्रुवारी 2022 पासून सहा महिन्यांवरून चार महिन्यांवर आली आहे. वकीलपत्रावर त्याच बैठकीत सही घे, कारण महिन्याभराने तो मिलानला असेल किंवा पुन्हा गेमवर. फोन नंबर बदलतात, म्हणून गावाकडच्या बहिणीचा नंबर, ईमेल, फेसबुकचं नाव असं सगळं लिही. अर्जदाराशी वकिलाचा संपर्क तुटला म्हणून प्रकरणं यादीतून काढून टाकली जातात, आणि ते फार वाईट वाटतं.

संमती वेगवेगळी घे: न्यायालयासाठी, वकिलासाठी, प्रसिद्धीसाठी. नावांचा कागद जबाबांपासून वेगळा आणि कुलूपबंद. सीमेकडे कोणालाही गाडीत बसवू नकोस. तेवढ्यावरून मानवी तस्करीचा गुन्हा लागू शकतो.

हे फक्त तिकडचं नाही. 2025 च्या मे-जूनमध्ये मुंबईत काम करणारे पश्चिम बंगालचे मजूर बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. आपण निर्वासित करारावर सही केलेली नाही, पण घटनेचं 21 वं कलम "कोणत्याही व्यक्ती"बद्दल बोलतं, फक्त नागरिकाबद्दल नाही. सुनावणी झाली असती तर ते मजूर पलीकडे गेलेच नसते.

सोबत 15 सेंटिमीटरच्या दोन मॅट पट्ट्या आणि कागदी पिशव्यांचा गठ्ठा पाठवला आहे. चकाकणारी पट्टी फोटोत आकडे पुसते.

तुझे
आई-बाबा