पाय बघू की चाक बघू?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात शहराबाहेरच्या खदानीतला एक फोटो आला होता. मोटारसायकलचं पुढचं चाक दगडावर चढलेलं, चालवणारा उभा आणि खाली ओळ होती ‘तरुणांची स्टंटबाजी’. फोटो झकास होता, ओळ चुकली होती. त्यानंतर आपल्याकडे एका वाचकाचं पत्रही छापून आलं. त्यात आमच्या खेळाचे नियमच पक्षपाती आहेत, पंच मर्जीतल्यांना सांभाळतात आणि बाहेरच्या देशातल्या गाड्यांवर बंदी घातली पाहिजे, असं लिहिलं होतं. फोटो ज्या स्पर्धेतला, तिथे त्या दिवशी तिसऱ्या टप्प्यावर (आम्ही त्याला सेक्शन म्हणतो) पंच म्हणून मीच उभा होतो. म्हणून हे उत्तर. सक्करदऱ्यात माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वय अठ्ठावन्न. लिहिण्याची सवय फक्त बिलापुरती, तेव्हा सांभाळून घ्यावं.

आधी खेळ काय आहे ते सांगतो, कारण स्टंट म्हटलं की पोलीस येतात. याला ट्रायल्स म्हणतात. इथे वेगाला काही किंमत नाही. दगड, नाला, चढ असलेला पन्नास-साठ पावलांचा तुकडा दोन्ही बाजूंनी फीत बांधून आखतात, तो सेक्शन. गाडीवर बसून, खरं तर उभं राहून, तो पार करायचा. पाय जमिनीला न लावता पार झालात तर शून्य. एकदा पाय लागला तर एक, दोनदा लागला तर दोन, त्यापुढे कितीही वेळा लागला तरी तीन. पडलात, गाडी मागे सरकली किंवा फितीबाहेर गेलात तर पाच. ज्याचे गुण कमी तो जिंकला. आमच्याकडे जिंकणाऱ्याला एक ट्रॉफी मिळते आणि सगळ्यांना तर्री पोहे.

भांडण आहे ते थांबण्यावरून. पाय न लावता गाडी जागच्या जागी उभी केली तर काय? एका नियमात ते चालतं. मिनिट-दीड मिनिटाच्या आत सेक्शन संपवा, मध्ये हवं तितकं थांबा, मागचं चाक उचलून बाजूला टाका, पुढचा दगड नीट बघून घ्या. दुसऱ्या नियमात चाक थांबलं की पाच, आणि आमच्याकडे हाच चालतो. जगभर या दोन नियमांवरून लोक एकमेकांशी बोलेनासे झालेले आहेत. 2013 साली जागतिक स्पर्धेत ‘थांबायचं नाही’ हा नियम परत आणला, तेव्हाही केवढा गदारोळ झाला होता. स्पेनचा टोनी बोऊ 2007 पासून जगज्जेता होता, तो त्या नव्या नियमातही झाला. आमच्या पोरांना मी हे दर वेळी ऐकवतो. त्यांचं उत्तर ठरलेलं, ‘तो बोऊ आहे, आम्ही बोऊ आहो का?’

आता त्या रविवारचं. तान्हा पोळ्याच्या आधीचा रविवार होता. आदल्या रात्री पाऊस होऊन गेलेला, खदानीतल्या काळ्या दगडावर हिरवा थर आणि मधल्या सपाट जागेत आपली काळी माती. त्या मातीतून दोन फेऱ्या मारल्या की चाक आणि मडगार्ड यांच्या मधली फट बुजते आणि चाक फिरायचंच बंद होतं. पोरं काडीने माती उकरत बसली होती. बावीस स्पर्धक, सहा सेक्शन, तीन फेऱ्या. म्हणजे एका पंचाने दिवसभरात सहासष्ट वेळा निकाल द्यायचा आणि रेल्वेतल्या टीसीसारखं कार्डाला भोक पाडायचं. सावली नाही, खुर्ची नाही.

तिसऱ्या सेक्शनमध्ये डावीकडे आखूड वळण आणि वळण संपतं तिथेच गुडघ्याएवढी दगडी पायरी. धाव घ्यायला जागाच नाही. वळण घेता घेता क्लच अर्धा धरायचा, पायरीच्या हातभर आधी सोडायचा. माझा भाचा आला यामाहा आरएक्स 100 घेऊन. ती गाडी मीच बनवलेली. मागे चेनचं मोठं दातेरी चक्र टाकलं, सीट काढून टाकली, पाय ठेवायचे दांडे खाली आणि जरा मागे वेल्ड केले, मागच्या चाकात आठ पौंड हवा. (इतकी कमी हवा ठेवली की टायर रिमवर घसरतं, सोबत ट्यूबही फिरते आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. तीन ट्यूब वाया घालवल्यावर रिमला टायर धरून ठेवणारा बोल्ट लावायचं सुचलं. ज्यांना ही गाडी घरी बनवायची असेल त्यांनी पहिल्या दिवशीच लावावा.)

भाचा वळण घेऊन पायरीपाशी आला आणि थांबला. पापणी लवते तेवढंच. इंजिन गुरगुरत होतं, दोन्ही पाय दांड्यावर, चाक मात्र उभं. मग क्लच सोडला आणि पायरी अशी चढला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाचाला भोक पाडलं.

‘मामा, थांबलो नाही ना मी! बॅलन्स करून राहिलो होतो!’

‘तेच थांबणं.’

एकतीस गुणांवर तो दुसरा आला. पहिल्याचे एकोणतीस. माझे पाच नसते तर सव्वीसवर जिंकला असता. बहिणीने तीन दिवस फोन उचलला नाही. तेव्हा पंच मर्जीतल्यांना सांभाळतात असं लिहिणाऱ्या वाचकाने कृपया माझ्या बहिणीशी बोलावं.

पण त्याच वाचकाच्या एका मुद्द्यात तथ्य आहे आणि ते मला कबूल करायचं आहे. भाच्याच्या आधी दोन नंबर सोडून एक मुलगा गेला होता. तोही पायरीपाशी अडखळला. थांबला का? मला माहीत नाही. कारण मी त्याच्या उजव्या पायाकडे बघत होतो. मी डावीकडे उभा, त्याचा उजवा पाय गाडीच्या पलीकडे, तो लागला की नाही हे बघायला मी वाकलो आणि तेवढ्यात चाकाचं काय झालं ते सुटलं. त्याला मी शून्य दिलं. चौथ्या सेक्शनवरचे पंच बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते दिवसभर एकालाही थांबण्यासाठी पाच देऊ शकले नाहीत, त्यांचं मन होईना.

पाय मोजायचा तर नजर खाली आणि मागे हवी. चाक थांबलं का बघायचं तर नजर पुढे. एक माणूस दोन्ही करू शकत नाही, निदान सहासष्ट वेळा तरी नाही. ‘थांबायचं नाही’ या नियमाची खरी गोची इथे आहे, पक्षपातात नाही.

मग थांबायला परवानगी देऊन टाका, असं पोरं म्हणतात. मी विरोधात आहे, आणि कारण गाडीचं वजन आहे. थांबून, उड्या मारत दगड चढायला सत्तर किलोच्या आसपासची गाडी लागते, जिला सीट नाही, टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल आणि क्लच एका बोटाने दाबता येईल असा. आमच्यात तशी स्पेनमध्ये बनलेली गाडी एका डॉक्टरसाहेबांकडे आहे. बाकीच्यांकडे काय? आरएक्स 100 शंभर किलोच्या आतबाहेर, हीरो एक्सपल्स दीडशेच्या वर, आणि आमचे एक दादा बुलेट घेऊन येतात. बुलेट चालत्या गतीत, खालच्या ताकदीवर, धप धप करत अशी काही वर जाते की बघत राहावं. पण तिला जागेवर उभी करून बाजूला टाकायला दादांना कंबर दुसरी लागेल. थांबायला मुभा दिली की सेक्शन आपोआप अवघड आखले जाणार, कारण नाहीतर सगळेच शून्यावर निघतील. सेक्शन अवघड झाले की बुलेट घरी, मग आरएक्स घरी. शेवटी डॉक्टरसाहेब एकटे, आणि ते भले माणूस आहेत, त्यांनाही करमणार नाही. त्यांच्या गाडीवर बंदी घालायची गरजच नाही. त्या दिवशी ते चौथे आले. जुन्या आणि घरी बनवलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवा, झालं.

गाडीवरून रडणं नवं नाही म्हणा. 1948 च्या सुमारास रॉयल एनफिल्डने इंग्लंडात ट्रायल्ससाठी मागे शॉकअप असलेली बुलेट उतरवली, तेव्हा बरेच जाणते नाक मुरडत होते. मागचं चाक कडक बांधलेलं असेल तरच पकड मिळते, ही त्यांची समजूत. त्याच कंपनीच्या गाडीवर जॉनी ब्रिटनने 1952 ची स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा जिंकली. पुढे सॅमी मिलरने आपली पाचशे सीसीची फोर-स्ट्रोक एरियल सोडून स्पेनची टू-स्ट्रोक बुल्टाको धरली आणि 1965 ला तीच स्पर्धा जिंकली. तेव्हा जड फोर-स्ट्रोकवाले चिडले, आता पेट्रोलवाले इलेक्ट्रिकवर चिडून आहेत. मला तर बॅटरीची गाडी चालेल. सकाळी सहाला आवाज झाला नाही तर खदानीशेजारच्या वस्तीतली माणसं आम्हाला चहा तरी पाजतील.

माझं म्हणणं एवढंच की, नियम आहे तो राहू द्या, पण प्रत्येक सेक्शनवर दोन माणसं द्या. एकाने पाय मोजावे, दुसऱ्याने फक्त चाक बघावं. शंका आली तर फायदा चालवणाऱ्याला. आणि ही माणसं आणायची कुठून, तर स्पर्धकांतूनच. बावीस जणांनी आळीपाळीने एकेक रविवार गाडी घरी ठेवावी.

गेल्या रविवारी भाच्याला कार्ड देऊन मी पायांकडे आणि तो चाकाकडे असे उभे राहिलो. पहिली फेरी त्याने एकालाही पाच दिलं नाही. दुसऱ्या फेरीत त्याचाच मित्र पायरीपाशी आला, थबकल्यासारखा झाला आणि चढून गेला. भाचा कार्ड धरून उभाच.

‘मामा, थांबला का बे हा?’

‘मले नको विचारू. मी पायाकडे पाहून राहिलो होतो.’

मित्र वरून ओरडत होता, ‘नाही थांबलो बे, खरंच नाही थांबलो!’ भाच्याने बराच वेळ पायरीकडे पाहिलं, मग पाचाला भोक पाडलं. आता त्या दोघांचं बोलणं बंद आहे.

पुढच्या वेळी तिसऱ्या आणि पाचव्या सेक्शनवर माणसं कमी पडत आहेत. ज्या वाचकाने पत्र लिहिलं त्यांनी यावं, पत्ता दुकानावर मिळेल. टोपी आणि पाण्याची बाटली आपली आपण आणावी, दहानंतर दगड तापतो. आपल्या छायाचित्रकारालाही बोलवा, फक्त फोटोखालची ओळ छापण्याआधी एकदा विचारा म्हणावं.

आपला,
एक मोटारसायकल मेकॅनिक, सक्करदरा, नागपूर
(बहिणीच्या भीतीपोटी नाव छापू नये)