रविवारी रात्री माझा फोन का लागत नाही

प्रिय आई आणि नाना,

परवा नानांनी विचारलं की रविवारी रात्री फोन का लागत नाही आणि मी घाईघाईत मीटिंग असते म्हणून सांगितलं. ती ऑफिसची मीटिंग नाहीये. जूनपासून मी एका ऑनलाईन वाचन गटात आहे, अकरा-बारा जण आहोत, आम्ही चौघं नाशिकचे आणि बाकी पुणे-नागपूर असे विखुरलेले. आठवडाभरात एक निबंध किंवा एक प्रकरण वाचायचं आणि रविवारी साडेआठला त्यावर बोलायचं. विषय काय, तर खुला बाजार आणि माणसाचं स्वातंत्र्य. फोनवर हे नीट सांगता येईना, आणि मला तुमच्या दोघांशी एक महत्त्वाचं बोलायचंय जे समोर बसून माझ्याकडून होत नाही, म्हणून पत्र.

नाना, हायेक म्हणून एक अर्थतज्ज्ञ होता, मूळ ऑस्ट्रियाचा, १९७४ ला नोबेल मिळालं त्याला. त्याचा १९४५ चा एक निबंध आम्ही वाचला. त्याने उदाहरण कथलाचं दिलंय पण मला वाचताना सारखा लासलगावचा लिलावच दिसत होता. म्हणजे बघा, निफाडला अवकाळी झाली तर दुबईच्या दुकानदाराला काय माहीत निफाड कुठंय, त्याला फक्त भाव वाढलेला दिसतो, मग तो कांदा कमी मागवतो, आणि इकडे ज्याने कांदाचाळीत माल धरून ठेवलाय तो माल बाहेर काढतो, कोणी कोणाला हुकूम दिला नाही तरी सगळे बरोबर हलतात. भाव हा निरोप असतो. लाखो लोकांना जे थोडं थोडं माहीत असतं ते सगळं त्या एका आकड्यात येतं, आणि दिल्लीत बसलेला कितीही हुशार माणूस असला तरी ते सगळं त्याच्या डोक्यात मावू शकत नाही.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि मला तो २०२३ चा डिसेंबर आठवला. ऑगस्टमध्ये आधी ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, मग ८ डिसेंबरला सरळ बंदी. तुमची ट्रॉली भरून उभी होती, लिलाव बंद पडले, तुम्ही ओट्यावर बसून राहिलात, आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठला नाहीत. आणि मी काय बोलले होते, की नाना, शहरातल्या लोकांना पण कांदा परवडला पाहिजे ना. तुम्ही काहीच बोलला नाहीत. ते वाक्य मला आता फार लागतं. बंदी उठायला ४ मे उजाडला, तीही ४० टक्के शुल्क ठेवूनच, आणि ते शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ लागला. तोपर्यंत बाहेरची गिऱ्हाइकं दुसऱ्या देशांचा कांदा घ्यायला लागलेली. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात गेलं की परत आणायला वर्षं जातात, हे तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. माफ करा नाना, मला ते आत्ता कळलं.

आणि तुमचा तो शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. कॉलेजात असताना तुम्ही तो लावून मला भेटायला आलात की मला अवघडल्यासारखं व्हायचं. आता गटात मीच सगळ्यांना सांगते की शरद जोशी म्हणून एक माणूस स्वित्झर्लंडमधली चांगली नोकरी सोडून आला, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली, आणि नोव्हेंबर १९८० मध्ये आपल्या जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी मुंबई-आग्रा रोड अडला त्यात माझे नाना होते. भीक नको, हवे घामाचे दाम. गटातल्या पुण्याच्या मुलाला हे काहीच माहीत नव्हतं, त्याला वाटत होतं की खुला बाजार म्हणजे कारखानदारांची मागणी. शेतकऱ्याने रस्त्यावर बसून सरकारला सांगायचं की आमच्या बाजारातून हात काढ, हे त्याला नवीनच होतं.

सगळंच मला पटतं असं नाही हं. एकजण म्हणाला सरकारने काहीच करू नये, तर मी म्हटलं नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि कॅनॉल नसते तर कितीतरी द्राक्षबागा उभ्याच राहिल्या नसत्या. त्यावर तासभर वाद झाला, अजून संपलेला नाही.

आता आई, तुझ्याबद्दल. मागच्या महिन्यात आम्ही जॉन स्टुअर्ट मिल वाचला, आपल्या आगरकरांवर ज्याचा एवढा प्रभाव होता तो इंग्रज विचारवंत. १८६९ मध्ये त्याने बायकांच्या गुलामीवर पुस्तक लिहिलं. तेव्हा इंग्लंडात लग्न झालं की बाईची बरीचशी मालमत्ता नवऱ्याची व्हायची, तो कायदा नीट बदलायला १८८२ उजाडलं. हे वाचताना मला तू दिसलीस, पहाटे रोपं उपटायला निघालेली, कांदा कापायला बसलेली, रात्री चाळीत सडका कांदा निवडणारी. एवढं करून सातबाऱ्यावर तुझं नाव कुठेच नाही. नोव्हेंबर १९८६ ला चांदवडच्या महिला अधिवेशनाला तू मावशीबरोबर गेली होतीस, दोन दिवस घर सोडून पहिल्यांदा, ते तू किती वेळा सांगितलंयस. त्यानंतर संघटनेचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला, नवऱ्याने आपणहून जमीन बायकोच्या नावावर करायची. गावात काहींनी केली. नाना, आपल्या घरात ते राहून गेलं.

आपल्या कष्टाच्या मालाचं काय करायचं ते आपण ठरवणार, हे तुम्ही ४५ वर्षं सरकारला सांगताय. मग आईच्या कष्टाचं? हे वाटणीसाठी नाही, दादाशी मी आधीच बोलले, त्याची हरकत नाही. बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला तलाठ्याकडे अर्ज करता येतो, विहिरीजवळच्या जमिनीच्या गटापासून सुरू करू. आई, तू लगेच म्हणशील मला काय करायचंय नाव लावून, पण तसं म्हणू नकोस, एकदा नीट विचार कर.

मी शनिवारी दुपारच्या एसटीने येतेय, सातबाऱ्याचे उतारे काढून ठेवा. आणि रविवारी साडेआठला माझ्या फोनवरून तुम्ही दोघंही गटात बसा, १९८० बद्दल नाना बोलतील आणि चांदवडबद्दल आई. सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुमची,
ताई