काका, नंबर मिळाला! आता थँक्यू ऐकूनच घ्या

शि. सा. न. वि. वि.

काका, तुमच्यासमोर आभार-बिभार काही काढलं की तुम्ही "चहा टाक रे" म्हणून विषयच बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आणि ताईला सांगून ठेवलंय की त्यांना खुर्चीत बसव आणि मोठ्याने वाचून दाखव, मधे उठू देऊ नको. तर, मी घरी बांधलेल्या किट कारसाठी डीव्हीएलएचं (इथलं गाड्या नोंदवणारं सरकारी खातं) पाकीट आलं! लॉगबुक (नोंदणीचं कागदपत्र) आलं, नंबर आला, आणि क्यू प्लेट (वय नक्की सांगता येत नाही अशा गाडीला देतात तो नंबर) नाही, ज्या जुन्या गाडीचे भाग वापरले त्या डोनर गाडीच्या वयाचाच नंबर दिलाय. तुम्ही पहिल्या दिवसापासून बिलांची आणि फोटोंची जी फाईल ठेवायला लावलीत ना, हा तिचाच प्रताप.

बाकी जे वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या इंग्लंडात कॉव्हेंट्रीला, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. किट कार म्हणजे कंपनीकडनं नवी चासी किंवा फ्रेम आणि बॉडीचे पॅनल घ्यायचे, आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग हे सगळं एका जुन्या गाडीतनं काढून त्यात बसवायचं. ती जुनी गाडी म्हणजे डोनर. इकडे हा प्रकार जुना आहे, 1957 ची लोटस सेव्हन लोक किट घेऊन घरीच जोडायचे कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स होता आणि सुट्या भागांवर नव्हता. आणि काका म्हणजे आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहणारे, किर्लोस्करवाडीला अप्रेंटिस म्हणून हात काळे केलेले, मग सत्तरच्या दशकात इकडे आलेले आणि कॉव्हेंट्रीजवळच्या रायटनच्या कार कारखान्यात तो 2006 ला बंद पडेपर्यंत टूलरूममधे असलेले गृहस्थ. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, मी सहज बोललो की असं असं डोक्यात आहे, तर म्हणाले "किट राहू दे, आधी डोनर दाखव."

माझ्या मते निम्मी गाडी तिथेच झाली. मी माझदा एमएक्स-5 बघत होतो, कारण इंजिन पुढे उभं, मागची चाकं चालवणारी, चारी चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात), आणि इकडे पोत्याने मिळते. एक लाल होती, आरशासारखी चकाचक. काकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "बॉडी तर आपण फेकून देणार आहोत लेका, पॉलिशचे पैसे कशाला देतोस?" मग गेलो त्या हिरव्या 2001 च्या गाडीकडे. मागच्या चाकापुढची सिल (दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी) गंजून बोट आत जाईल अशी, एमओटीला (इथली दरवर्षीची गाडी-तपासणी) नापास. या गाड्यांचं हे दुखणंच आहे, कापडी टपाचं पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी सिलमधे उतरतं. काकांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला, इंजिन थंडगार आहे ना, आम्ही यायच्या आधी तापवून तर ठेवलं नाही ना. मग स्टार्ट, मग ऑइलचं झाकण उघडून बघणं, मग दुसरा गिअर थंड असताना कसा पडतो ते, मग सगळ्या चाव्या. चाव्यांवर अर्धा तास! तेव्हा कळलं नाही, पण या मॉडेलला इमोबिलायझर (चोरी रोखणारा डबा) आहे, चावी, तो डबा आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हे तिन्ही एकमेकांना ओळखतात, त्यातलं एक हरवलं की इंजिन कितीही चांगलं असो, बसा हात चोळत. ज्यांना यात पडायचंय त्यांनी एवढं एक लिहून ठेवा: डोनर घेताना गंज नाही, चाव्या मोजा.

आणि मग खोलणं. मला घाई होती, नवी फ्रेम येऊन पडली होती, पावडर कोटिंग केलेली, सुंदर. काकांनी तिच्यावर चादर टाकली. म्हणाले हिच्याकडे बघायचं नाही. प्रत्येक कनेक्टर काढायच्या आधी दोन्ही टोकांना मास्किंग टेपची पट्टी, त्यावर तोच नंबर, फोटो, मग ओढायचा. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर कुठले ते मराठीत (इंग्रजीत लिहिलं की तुम्ही वाचायचा कंटाळा करायचात, "डावीकडचा खालचा हात" असं लिहा म्हणायचात, बरोबरच होतं). दहा, बारा, चौदा, सतरा एवढ्या पान्यांत जवळपास अख्खी गाडी खुलते, आणि दहाचा पाना कायम हरवतो, तो तुमच्या खिशात सापडायचा. लोटसवाल्यांचा एक किस्सा सांगतात की किटसोबत जोडायची माहिती दिली तर टॅक्स लागायचा म्हणून त्यांनी खोलायची माहिती दिली, उलटीकडनं वाचा म्हणे. खराखोटा कोण जाणे, पण काकांची पद्धत अगदी तीच. गाडी खोलतानाच बांधायची असते, नंतर नुसतं मागे मागे यायचं.

बॉडी उचलली तो दिवस मंडळात अजून निघतो. एमएक्स-5 मधे गिअरबॉक्स ते डिफरेन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) अशी एक अॅल्युमिनियमची लांब फ्रेम असते, त्यामुळे पुढची-मागची सबफ्रेम आणि इंजिन सकट सगळं खाली एकसंध राहतं आणि बॉडीचे बोल्ट सोडले की नुसतं टरफल वर येतं. ढोलपथकातली पोरं बोलावली, पालखी उचलावी तशी बॉडी उचलली आणि अंगणात ठेवली, खाली चार चाकांवर नुसता सांगाडा. शेजारच्या इंग्रज आजी खिडकीतनं बघत होत्या, त्यांना वाटलं आम्ही चोरीची गाडी फोडतोय. दारं, सीट, हार्डटॉप विकून डोनरचे बरेचसे पैसे सुटले, हार्डटॉपला तर उड्या पडल्या.

पण काका, खरं थँक्यू त्या शनिवारबद्दल. नवी फ्रेम बसली, वायरिंग पसरलं, चावी फिरवली, आणि काहीच नाही. स्टार्टर नुसता टक. पेट्रोलचा पंप गप्प. मी लॅपटॉप उघडून सर्किट डायग्राम झूम करत बसलो होतो, एका सेलरने पाठवलेल्या नव्या बॅटरीलाही शिव्या घालून झाल्या होत्या. तुम्ही बटाटेवडा खात खात म्हणालात "बॉडी कुठाय?" मी म्हटलं अंगणात. "मग अर्थिंग पण अंगणातच आहे." बस, एवढंच. गाडीत प्लसची वायर असते पण मायनसला अख्खी बॉडीच वापरतात, डझनभर काळ्या वायरी पत्र्याला बोल्टने अडकवलेल्या असतात, ती बॉडीच आम्ही उचलून बाहेर ठेवलेली. आणि ज्या दोन वायरी मी नव्या फ्रेमला लावल्या होत्या त्या पावडर कोटवर, म्हणजे प्लास्टिकवरच. तुम्ही कानस घेऊन नाण्याएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासलीत, वायसर टाकला, जाड वायरीने इंजिन, फ्रेम आणि बॅटरी एकमेकांना बांधली, वरनं ग्रीस. पहिल्या चावीला सुरू! सायलेन्सर नव्हता, अख्ख्या गल्लीला कळलं.

त्यानंतरचं वायरिंग बारीक करणं पण तुमच्याच पद्धतीने. एअरबॅग, काचा, रेडिओ, सेंट्रल लॉक, हे सगळं नको होतं, आणि माझी इच्छा होती की कटर घेऊन एकदाच सपासप. तुम्ही कटर घरी घेऊन गेलात. एक सर्किट सोडवायचं, गाडी सुरू करून बघायची, मगच दुसरं. कंटाळवाणं, भयंकर कंटाळवाणं, पण आमच्या धंद्यात लोक याच गोष्टीच्या ट्रेनिंगला हजारो पौंड देतात हो.

आयव्हीए टेस्टबद्दल किती लिहू. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर डीव्हीएसएची (गाड्या तपासणारं सरकारी खातं) ही परीक्षा, फी 450 पौंड, माणूस दिवसभर एकेक गोष्ट तपासतो. बाहेरच्या बाजूला 100 मिलिमीटरचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो तिथली कड किमान 2.5 मिलिमीटर गोलाईची हवी, पादचाऱ्याला लागू नये म्हणून. मी हे मॅन्युअलमधे वाचून मान डोलावली होती, काकांनी गॅरेजातल्या लेथवर बरोबर 100 चा लाकडी गोळा काढला, त्याला निळा खडू फासला आणि गाडीभर फिरवला. जिथे निळं उमटलं तिथे कानस, रबरी पट्टी नाहीतर बोल्टला टोपी. विशबोनचे बोल्ट, आरशाची दांडी, नंबरप्लेटच्या दिव्याची कड, अशा जागा निघाल्या की बघून मला घामच फुटला. टेस्टच्या माणसाने स्वतःचा गोळा काढला, आमची गाडी बघितली, बोल्टच्या कोपऱ्यात राहिलेला निळा खडू बघितला आणि हसला. स्टिअरिंग वळवून सोडलं की आपोआप सरळ यायला हवं, त्यातही बऱ्याच हलक्या गाड्या अडकतात, आमची मूळ गाडीपेक्षा तीनेकशे किलोने हलकी झालीय, पण खालच्या विशबोनचे ते एक्सेंट्रिक बोल्ट फिरवून तुम्ही कॅस्टर (चाक आपोआप सरळ आणणारा स्टिअरिंगचा कोन) वाढवून ठेवला होतात. आवाज 99 डेसिबलच्या आत बसला. पास.

घरी फोन केला तर बाबांचा पहिला प्रश्न, "आपल्याकडे चाललं असतं का रे हे?" नसतं चाललं. 2021 मधे देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातनं किक मारून सुरू होणारी जीप केली होती, आपल्याच सांगलीकडचे, अख्ख्या देशाने व्हिडिओ बघितला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच दमात म्हणाले की नियमात बसत नाही, आज ना उद्या थांबवतील, त्यापेक्षा ही आम्हाला द्या आणि बोलेरो घ्या. लोहारांना बोलेरो मिळाली, चांगलंच झालं. पण तुम्ही तेव्हा म्हणालात ते माझ्या डोक्यातनं जात नाही: "त्याला गाडी नको होती, त्याला परीक्षा द्यायची होती, पण परीक्षाच नाही." मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या गाडीत बदल करायचा नाही म्हणतं, आणि तशा नियमाला कारणंही आहेत, आपल्याकडच्या काही जुगाडू गाड्या बघितल्या की पटतंच. तरी पण वाटतं हो, 450 पौंड नाही तर काही हजार रुपये घ्या, दिवसभर तपासा, नापास करा, पण खिडकी तरी ठेवा एखादी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे हात आहेत की इथल्या किट कार क्लबवाल्यांनी बघत बसावं.

असो, विषय वाढला. काकूंना पण थँक्यू सांगा, एवढे महिने काळे हात बेसिनला पुसलेले त्यांनी चालवून घेतले. पहिली लांब चक्कर तुमच्याबरोबरच, रायटनवरनं जाऊ, आता तिथे गोदामं झालीयत म्हणा, पण जाऊ. गाडीला दारं नाहीत, टप नाही, हीटर तर तुम्हीच काढायला लावलात, तेव्हा कानटोपी घाला आणि तक्रार करू नका.

तुमचा,
तीन गल्ल्या पलीकडचा

ता. क. तुमचा टॉर्क रेंच माझ्याकडेच आहे. रविवारी आणतो. दहाचा पाना तुमच्याकडे असेल, बघून ठेवा.