परिचारिकांची नोंदवही रुग्णांना पाहता आली पाहिजे

महोदय,

भारतीय परिचर्या (नर्सिंग) परिषदेच्या १९४७च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. त्यानुसार राज्यांनीही आपापले आयोग स्थापन करायचे आहेत. म्हणजे १९६६च्या अधिनियमाखाली काम करत आलेली आपली महाराष्ट्र परिचर्या परिषदही या बदलातून जाणार आहे. याविषयी जी चर्चा कानावर येते ती बहुतेक महाविद्यालयांची मान्यता, प्रवेशपरीक्षा आणि आयोगावरील नेमणुका यांचीच असते. हे विषय गौण नाहीत. पण अशी संस्था मुळात रुग्णाच्या रक्षणासाठी असते, आणि त्या रक्षणाची सुरुवात पात्र परिचारिकांची नावे असलेल्या नोंदवहीपासून होते.

तालुक्याच्या गावी एखाद्या खासगी प्रसूतिगृहात बाळंतिणीला इंजेक्शन देणारी मुलगी जीएनएमचा (जनरल नर्सिंग व मिडवाइफरी) पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून आलेली आहे, की काही महिने डॉक्टरांच्या हाताखाली राहून शिकलेली आहे, हे नातेवाइकांना कळायला आज काही सोपा मार्ग नाही. नोंदणी नसताना पात्र परिचारिका म्हणून काम करणाऱ्यास नव्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. माझ्या मते मात्र यात खरा दोष त्या मुलीचा नसून, तुटपुंज्या पगारावर तिच्याकडून प्रशिक्षित परिचारिकेचे काम करून घेणाऱ्याचा आहे. प्रत्येक परिचारिकेच्या ओळखपत्रावर नोंदणी क्रमांक ठळक असावा आणि तो मोबाइलवर टाकताच तिची पात्रता व नोंदणीची मुदत मराठीत दिसावी, एवढे झाले तरी बरेच काही बदलेल.

दुसरे काम चौकशीचे. नोव्हेंबर २०२१मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून कोविडचे रुग्ण दगावले, आणि पोलिसांनी एका महिला डॉक्टरसह तीन परिचारिकांना अटक केली. गुन्हा घडला की नाही हे न्यायालयाने ठरवायचे, याबद्दल वाद नाही. परंतु त्या पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, आगीच्या वेळी काय करायचे याचे शिक्षण त्यांना मिळाले होते का, आणि व्यावसायिक कर्तव्यात नेमकी कसूर कोणाची, हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी परिचर्येच्या नियामक संस्थेची असते. सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेनेच ठरवून दिलेले आहे. रात्रपाळीला भरलेला वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या बाईकडून चूक झाली, तर तिच्या वर्तनाबरोबर हे प्रमाण मोडणाऱ्या व्यवस्थापनाबद्दलही त्या संस्थेने लेखी मत द्यावे आणि ते लोकांसमोर ठेवावे.

प्रसूतिविद्येला आयोगाच्या नावात स्थान मिळाले, याचे मला विशेष समाधान आहे. केंद्र सरकारने २०१८मध्ये प्रसूतिसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून परिचारिकांसाठी दीड वर्षाचे विशेष प्रशिक्षण योजले. हे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेने नैसर्गिक प्रसूती कोणत्या मर्यादेपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर करावी, हे आयोगाने स्पष्ट लिहून द्यावे. नाहीतर ती पुन्हा डॉक्टरांच्या सहीची वाट पाहत उभी राहील.

राज्य आयोग स्थापन करताना वॉर्डात प्रत्यक्ष काम करणाऱ्या अधिपरिचारिका आणि आरोग्य उपकेंद्रांतील एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) यांचे म्हणणे शासनाने आधी ऐकावे, आणि परिषदेची जुनी नोंदवही नव्या आयोगाकडे सोपवण्यापूर्वी तिची छाननी करून निवृत्त, मृत व परदेशी गेलेल्यांच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात, ही विनंती.

— एक निवृत्त परिसेविका, सातारा