देवराईतला वणवा विझवणाऱ्यांचे आभार

परवा भर दुपारी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची देवराई पेटली, तेव्हा हाकेसरशी धावून आलेल्या सगळ्यांचे गावाच्या वतीने मनापासून आभार. तुमच्यातल्या कित्येकांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत.

रस्त्याकडेला टेम्पो उभा करून उतरलेली ती कानडी बोलणारी पोरं कुणाला काही न विचारता ओल्या डहाळ्या तोडून थेट धगीत शिरली. शेजारच्या वाडीवरच्या बायका भरल्या कळशा घेऊन चढण चढून आल्या. आणि ते आजोबा! वाऱ्याचा रोख बघून त्यांनी जागा दाखवली, पाला ओढून मातीपर्यंत जाळरेषा काढायला लावली, म्हणून आग ओढ्याच्या अलीकडेच थांबली. नुसत्या धावपळीने वणवा विझत नाही, जाणता माणूस लागतो.

जांभळीच्या मुळाशी आमचा झरा आहे. देवराईतला पालापाचोळा पावसाचं पाणी जिरवतो, म्हणून झरा उन्हाळ्यातही गुरांना पुरतो. पुढे हाच ओढा मलप्रभेला मिळतो. कणकुंबीला उगम पावलेली ही नदी कूडलसंगमला कृष्णेत जाते. वाटेत किती गावं तिच्यावर जगतात! तुम्ही राखलंत ते त्यांचंही पाणी.

वन खात्याचे पहारेकरी रात्रभर धुमसते ओंडके विझवत बसले, त्यांचेही आभार.

कुणाचा तरी कोयता आणि दोन कळशा देवळात ठेवल्या आहेत, घेऊन जा. ज्यांचे हात भाजले त्यांनी निरोप धाडावा, औषधाचा खर्च गाव करेल.