मुंतखब लॅमिनेट करू नका

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कुणबी नोंदींच्या शोधामुळे मराठवाड्यातल्या घराघरांत जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या, हे चांगलेच झाले. पण दाखला हाती पडला की शोध तिथेच थांबतो, आणि पणजोबांच्या इनामाचा मुंतखब, म्हणजे इनाम मान्य केल्याचा निजामी दस्त, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनला जातो. कागद जपायच्या भावनेनेच त्याचा नाश होतो आहे.

लॅमिनेशनचा गोंद उष्णतेने कागदात मुरतो. तो पुन्हा सोडवता येत नाही, आणि आतला कागद प्लास्टिकमध्येच ठिसूळ होत जातो. चिकटपट्टीही तशीच, काही वर्षांत पिवळी पडते आणि काढायला गेले की अक्षरे घेऊन निघते. घडी हट्टाने उलगडू नये, कागद घडीवरच तुटतो. हलक्या हाताने जेवढी सुटेल तेवढी सोडवून कोऱ्या पांढऱ्या कागदांत ठेवावी आणि वर सपाट वजन द्यावे. नंतर आम्लविरहित कागदात, तो न मिळाल्यास धुऊन खळ काढलेल्या सुती रुमालात आडवे ठेवावे. खळ राहिली की कसर लागते. पत्र्याच्या छताखालची ट्रंक उन्हाळ्यात फार तापते, म्हणून जागा आतल्या खोलीत असावी. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंचे काढावेत. मागचा शिक्का आणि शेरा अनेकदा मजकुराइतकाच मोलाचा असतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र लहान होऊन बारीक अक्षरे फुटतात.

सर्वांत जास्त गफलत सनाची होते. निजामी कागदावर फसली, म्हणजे महसुली सन असतो आणि कधी शेजारी हिजरीही. आकड्यापुढे ‘फे’ असेल तर फसली, ‘हे’ असेल तर हिजरी. 1325 हिजरी म्हणजे 1907-08, पण 1325 फसली म्हणजे 1915-16. एवढ्या फरकाने बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होऊ शकते. विसाव्या शतकातल्या हैदराबादी कागदांत फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला 590 मिळवावेत, जानेवारीपासून 591. खुर्दाद 1349 म्हणजे एप्रिल 1940. मोबाईलवरचे इराणी पंचांग इथे वापरू नये. महिन्यांची नावे सारखी असली तरी सन आणि आरंभ वेगळे आहेत.

नावे वाचतानाही सांभाळावे. उर्दू-फारसीच्या घाईच्या शिकस्ता लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके गळतात, आणि नुक्ते गेले की ‘बापू’ आणि ‘नानू’ यांचा सांगाडा एकच उरतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द सलग लिहिलेले असतात. म्हणून एका कागदावर वंशावळ उभी करू नये. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ (म्हणजे ‘चा मुलगा’) यापुढचे बापाचे नाव, गाव आणि सर्व्हे नंबर, हे तिन्ही जुळले तरच माणूस तोच समजावा. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने नुसते नाव हमखास फसवते.

शोध आजपासून मागे न्यावा. आधी सातबारा आणि वारसाचे फेरफार; त्यांत लेकींची नावे सापडतात, वंशावळीत सहसा नसतात. मग भूमी अभिलेख कार्यालयातून जमीन एकत्रीकरणाचे नऊ-तीन, नऊ-चार उतारे, म्हणजे गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर कळतो. तो हाती आला की 1954-55 ची खासरा पाहणी (शेतवार जमिनीची नोंद), 1951 चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर आणि गाव नमुना 14 ची जन्म-मृत्यू नोंद. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातल्या 1 जून या जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. अनेकदा ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. जुना जिल्हाही तपासावा. उदगीर, निलंगा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. जालना जिल्हा 1981 चा, लातूर 1982 चा, हिंगोली 1999 चा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वंशावळीच्या वह्या पाहायला जाताना आडनावाबरोबर मूळ गाव सांगावे लागते, कारण वह्या बहुधा त्याच क्रमाने लावलेल्या असतात.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेल्या आजोबांचे सन्मानपत्र भिंतीवर असते, पण त्यात हकिकत नसते. पेन्शनच्या अर्जाची फाईल मागावी. कोणत्या तुरुंगात, संस्थानच्या सीमेवरील कोणत्या कॅम्पवर, सोबत कोण, हे त्यातल्या प्रतिज्ञापत्रांत येते. सहकैद्याच्या फाईलशी ते ताडून पाहावे, कारण वर्षांनंतर आठवणीने लिहिलेल्या तारखा चुकतात.

प्रशासनाला विनंती आहे की केवळ कुणबी नोंद सापडलेली पाने स्कॅन करून थांबू नये. प्रत्येक रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, गाव, जुना तालुका आणि फसली सन यांच्या सूचीसह स्कॅन व्हावे. शिकस्ता आणि मोडी वाचणारे मोजकेच आणि बहुतेक वयस्कर आहेत. त्यांना मानधन देऊन आत्ताच बसवावे. आपल्या वृत्तपत्रानेही 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिन पुरवणीत प्रत्येक स्वातंत्र्यसैनिकाचे नाव वडिलांचे नाव, गाव आणि तेव्हाचा तालुका यांसह छापावे.

— एक मोडी वाचक, परभणी