बाबा, तुमची ती सळई पाठवा

प्रिय आई, प्रिय बाबा,

एवढं लांब पत्र बघून घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. फोनवरच सांगणार होते, तीनदा प्रयत्नही केला, पण बाबा, तुम्ही कानात मशीन घालत नाही आणि सगळ्याला नुसतं "हो हो, बरं बरं" करता. गेल्या रविवारी मी म्हटलं नोकरी सोडतेय, तर तुम्ही म्हणालात "हो, इकडे पण फार तापतंय"! आणि आई फोनवर आली की माझीच हिंमत होत नाही. म्हणून टाइप करतेय, अक्षरं मुद्दाम मोठी ठेवलीत, आई तू वाचून दाखव.

तर, पुण्याची नोकरी सोडली. सोडणार आहे असं नाही, सोडली, राजीनामा देऊन वीस दिवस झाले. १ जूनपासून इंदूरला. तुम्हाला आधी विचारलं नाही याचं मला वाईट वाटतंय, पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, नुसते रात्रभर जागे राहिला असतात.

पैशांचं आधी सांगते. दर महिन्याला येतात ते येत राहतील, दोन वर्षांचे वेगळे काढून ठेवलेत. काकांसारखं होणार नाही, मी कशावरही सही केलेली नाही, घराच्या कागदांना तर हातच नाही. खोली रामबागेत मिळालीय, मराठी घर, वरचा मजला, गिझर आहे, कूलर आहे, खालच्या काकू पोळ्या करून देणारेत (आई, त्यांचा नंबर पाठवते, पण रोज फोन करू नकोस त्यांना). आणि रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी ग्वाल्हेरला घरी, पुण्याहून यायचं तर दोन दिवस मोडायचे.

काम काय, तर जमिनीखालची गळती न खोदता शोधायची. चौघं आहोत, मी ३३ ची म्हातारी, बाकीची पोरं २३-२४ ची, मला ताई म्हणतात. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतंय, जलूदहून, ७० किलोमीटर लांबून आणि ५०० मीटरहून जास्त उंच चढवून. म्हणजे गळणारा प्रत्येक लिटर विजेचं बिल भरून वर आणलेला असतो! ही पोरं तिथूनच सुरू झाली. बाहेरच्या देशातली मशीनं आहेत की यासाठी, पण ती पाइप चोवीस तास भरलेला आहे असं धरून चालतात, आणि आपल्याकडे नळ दिवसाआड, तेही थोडा वेळ. बाकी वेळ पाइप रिकामा, आणि त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते, ते तुम्हाला मी काय सांगणार. तर यांचं म्हणणं असं की ऐकायचं ते नळ येतात त्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच. दोन व्हॉल्व्हवर दोन सेन्सर लावायचे, गळतीचा आवाज जवळच्याकडे आधी पोचतो, त्या फरकावरून जागा काढायची. बिडाच्या पाइपात आवाज सेकंदाला साधारण १२०० मीटर जातो, प्लॅस्टिकच्या पाइपात निम्म्याहून कमी आणि लवकर मरतो पण, तिथेच आमचं अडलंय. एकाने तर डॉक्टरच्या स्टेथोस्कोपच्या नळीत मोबाइलचा माइक बसवून आणला. पहिल्या दिवशी तासभर आम्ही मोठी गळती सापडली म्हणून नाचतोय, आणि निघाला कोणाच्या तरी घरचा नळाचं पाणी ओढणारा टुल्लू पंप.

बाबा, ओळखीचं वाटतंय ना?

मी दुसरीत असेन, मला झोप येत नव्हती म्हणून तुम्ही लूनावर पुढे उभं करून नेलंत, रात्रीचे दोन, दौलतगंजच्या गल्लीत कुत्री भुंकत होती. तुम्ही व्हॉल्व्हवर सळई टेकवलीत आणि तिची पितळी चकती माझ्या कानाला लावलीत, गार होती. मी काहीतरी विचारायला लागले तर "शू, पाणी बोलतंय." आणि आलं ऐकू, आई गरम दुधावर फुंकर घालते तसं, बारीक, न थांबणारं. सकाळी तुम्ही खडूने फुली मारली होती तिथेच खणलं आणि तिथेच निघालं. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या बाबांना जमिनीखालचं ऐकू येतं.

आता म्हणाल, पोराटोरांचं काय ऐकते. तुमच्याच इंजिनियर विश्वेश्वरय्यांचं काढते मग. तिघऱ्याच्या धरणावर पिकनिकला गेलो की तुम्ही त्यांचे ते आपोआप उघडणारे दरवाजे सांगायचात, १९१६ चं धरण दुसऱ्याच वर्षी पायाच्या दगडातून पाणी झिरपून फुटलं तेही सांगायचात. पण सिंधमधल्या सक्कर गावचं तुम्हीच सांगितलेलं विसरलात. नगरपालिकेकडे फिल्टरला पैसे नव्हते, तर त्यांनी सिंधूच्या पात्रातच विहीर घेऊन वाळूतून गाळलेलं पाणी काढलं. तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. मी विश्वेश्वरय्या नाही, माहीत आहे, आई हसू नकोस.

बाड्यावर कोणी विचारलं तर "इंदूरला पाण्याच्या कामात आहे" एवढंच सांगा, पगार सांगू नका, तो कमी झालाय.

आता माझं ऐका. बाबा, स्टुलावर चढून कूलरमध्ये बादल्या ओतायच्या नाहीत, मी पाइप आणि फ्लोट मागवलाय, शनिवारी माणूस येईल, त्याला बाराच्या आत घरात घ्या, उन्हात उभं करू नका. बीपीची गोळी सकाळीच. आई, गुडघ्याचं औषध संपलं की सांगायचं, वाटीत तेल गरम करून चालणार नाही. आणि कानाचं मशीन, बाबा. डब्यात ठेवून त्याची किंमत वसूल होत नाही. शिट्टी वाजते म्हणता ती नीट बसत नाही म्हणून वाजते, मी येईन तेव्हा आपण साचा बदलून आणू, तोवर निदान मी फोन करते तेव्हा तरी घाला. मला खरंच विचारायचंय तुम्हाला, प्लॅस्टिकच्या लाइनवर तुम्ही काय करायचात ते. पोरांना कोणालाच माहीत नाही आणि मी त्यांना सांगून बसलेय की माझ्या बाबांना माहीत आहे.

मामा १० तारखेला इंदूरला येतोय, त्याच्याबरोबर सळई पाठवा. माळ्यावर ट्रंकेच्या मागे आहे. तुम्ही चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा.

तुमची,
चिमी

ता. क. आई, ती गुंडाळायला जुनी साडी घे, चांगली घेऊ नकोस. आणि चकती चिंचेने घासू नकोस, आहे तशीच राहू दे.